माशांचेही बियाणे राखायला हवे

पेरणीसाठी राखलेली ज्वारी कोणी दळायला नेली तर आजी काय म्हणेल? "अरे, बी खाल्लं तर पेरशील काय?" असंच म्हणेल ना! समुद्रातल्या माशांचंही तसंच आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण बाजारात सुके बोंबील, सुकट, जवळा येतो. शहरात बर्फातले पापलेटही मिळते. म्हणजे समुद्राशी आपले नाते आहेच.

मासे लाखो अंडी घालतात. मग पिल्ले कमी का पडतात? कारण अंड्यातून निघालेले पिल्लू डोळ्याला धड दिसतही नाही. त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या पोटात जातात. जी वाचतात त्यातली कितीतरी खाडीत, कांदळवनात आसऱ्याला येतात. तिथे झाडांच्या मुळ्यांत लपायला जागा आणि खायला अन्न मिळते. कांदळवन म्हणजे माशांची बालवाडीच! ते तोडले किंवा बारीक भोकांच्या जाळ्याने पिल्ले उपसली, तर पुढच्या वर्षी अंडी घालणार कोण?

पिल्ले माणसालाही वाढवता येतात. जिताडा नावाचा मासा घ्या. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडे जिताड्याची पिल्ले खाडीतून धरून तळ्यात वाढवण्याची जुनी रीत आहे. पण नेहमी खाडीतूनच पिल्ले आणली तर खाडी रिकामी होईल. म्हणून चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेतील शास्त्रज्ञांनी खटपट केली. १९९७ साली त्यांनी पाळलेल्या जिताड्यांपासून अंडी मिळवून पिल्ले तयार केली.

हे काम सोपे नाही. पिल्लांना आधी डोळ्यांना न दिसणारे जीव खाऊ घालतात, मग थोडे मोठे. जिताडा भारी खादाड! मोठे पिल्लू आपल्याच लहान भावाला गिळते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी लहान पिल्ले एका टाकीत आणि मोठी दुसऱ्या टाकीत करावी लागतात. आणखी एक गंमत म्हणजे जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी त्यांतले बरेच मादी होतात. मोठे मासेच संपवले तर माद्या उरणार नाहीत. अभ्यास केला म्हणूनच हे कळले.

चांगल्या बियाण्यासाठी आपल्याकडे राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे. तसे कोकणात दापोलीचे विद्यापीठ आहे. त्याच्या रत्नागिरीजवळच्या झाडगाव केंद्रात समुद्रातल्या जीवांचा अभ्यास चालतो. माशाच्या कानात एक लहानसा खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यावर वलये असतात. ती मोजून शास्त्रज्ञ माशाचे वय सांगतात.

पण सगळेच मासे टाकीत वाढत नाहीत. पापलेटची पिल्ले वाढवणे फार अवघड आहे. त्यांना समुद्रातच वाढू द्यायला हवे. म्हणून पावसाळ्यात जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेट आपला राज्यमासा झाला.

कोणी विचारेल, मग जवळाही खायचा नाही का? जवळा मोठा झाला तरी तेवढाच राहतो. लहान दिसते ते प्रत्येक पिल्लू नसते. पण तळहातात मावणारे पापलेट मात्र पिल्लूच! ते स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात. आणि घेणारे आहेत म्हणूनच ते धरले जाते.

तेव्हा पालकहो, बाजारात असे पापलेट दिसले तर विकणाऱ्याला एवढेच सांगा, "हे नको, मोठं आल्यावर घेऊ." आपण समुद्रापासून लांब राहतो, पण एवढे काम आपल्याला इथूनही करता येते.