मुलें आणि पालेभाजी

ताटांतील मेथीची भाजी मूल बाजूस सारतें, तेव्हां वडील मंडळी त्यास हट्टी म्हणतात. परंतु हा दोष सर्वस्वी मुलाचा नव्हे. गोडाची आवड व कडूचा तिटकारा मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. कारण निसर्गांतील पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात.

मग उपाय कोणता? परिचय! अमेरिकेंत लीॲन बर्च व डायेन मार्लिन यांनीं 1982 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, दोन वर्षांच्या मुलांनीं नवा पदार्थ जितक्या अधिक वेळां चाखला, तितकी त्याची गोडी वाढली. म्हणून एकदां नाकारलेली भाजी कायमची बाद समजूं नये. ती दहा-पंधरा वेळां, घासभरच, न रागावतां वाढावी. ‘भाजी संपव, मग लाडू देईन,’ हें आमिष मात्र घातक. त्यानें लाडवाची किंमत वाढते व भाजी ही शिक्षा ठरते.

मेथी निवडतांना मुलास सोबत घ्यावें, थालिपिठांत ती मिसळावी, आणि मुख्य म्हणजे मोठ्यांनीं ती स्वतः आवडीनें खावी. विद्यार्थिमित्रहो, धाकट्या भावंडाशेजारीं आपण जेवावयास बसतों, तेव्हां आपलें ताट हाच त्याचा धडा असतो, हें विसरूं नका.