रोज बदलणारे पान

पुण्यात गुलटेकडीला, छत्रपती शिवाजी मार्केट यार्डाच्या आवारात, महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्यालय आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यभरातल्या बाजार समित्यांचे भाव रोज पाहायला मिळतात. शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर, असा त्या तक्त्याचा साचा. राज्यात बाजार समित्या तीनशेच्या वर आणि एकेकीत जिनसा कितीतरी. लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, लातूरचे सोयाबीन, पुण्याची पालेभाजी, सगळ्यांचे आकडे दुसऱ्या दिवशी शिळे होतात. ते रोज बदलायचे, जुने जपून ठेवायचे आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला मोबाइलवर दाखवायचे, हे काम हाताने लिहिलेल्या पानांना झेपणारे नाही.

जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभे केले. तेव्हा प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र फाइल होती. एक शब्द बदलायचा तर फाइल उघडा, खुणांच्या गर्दीतून तो शब्द हुडका, बदला आणि फाइल पुन्हा सर्व्हरवर चढवा. दुकानाचा फोन नंबर शंभर पानांवर असेल, तर हेच शंभर वेळा करा. या जाचातून सुटका केली ती आशय व्यवस्थापन प्रणालीने, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीएमएसने.

तिची युक्ती एवढीच, की मजकूर आणि मांडणी यांची फारकत करायची. मजकूर डेटाबेसच्या रकान्यांत राहतो, मांडणी टेम्प्लेटमध्ये. कोणी पान मागितले की प्रोग्राम दोन्ही जुळवून पान तयार करतो. गाळ्यावरची पाटी तीच राहते आणि आतला माल रोज बदलतो, तसेच हे. दिवाणजींना प्रोग्रामिंग यावे लागत नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकायचा, रकाने भरायचे आणि प्रकाशित करायचे.

फुकट मिळते कसे?

खरे नवल पुढेच आहे. जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी साधारण दोन ज्या वर्डप्रेस या सीएमएसवर चालतात, ते कोणालाही एक पैसा न देता घेता येते. द्रुपल आणि जुमला यांचेही तसेच. तिन्हींच्या मुळाशी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली मांडलेला जीपीएल हा परवाना आहे. सॉफ्टवेअर वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र बदललेले सॉफ्टवेअर वाटाल तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या, अशी त्याची अट.

या अटीची ताकद तिघांच्या जन्मकथांत दिसते. द्रुपल सुरू झाले ते बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात. ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मित्रांसाठी निरोपांचा फलक बनवला आणि जानेवारी २००१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. वर्डप्रेस उगवले ते बेवारस झालेल्या एका प्रोग्राममधून. 'बीटू' नावाची प्रणाली तिच्या फ्रेंच निर्मात्याने वाऱ्यावर सोडली होती. परवाना जीपीएल असल्यामुळे अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मुलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तीच उचलली आणि मे २००३ मध्ये नव्या नावाने पुढे आणली. जुमला तर भांडणातून जन्मले. 'मँबो' या प्रणालीच्या कारभारावरून २००५ मध्ये तिचे प्रोग्रामर बाहेर पडले, ते सगळा कोड सोबत घेऊनच. परवान्यामुळे त्यांना कोणी अडवू शकले नाही.

आज अमेरिकेच्या व्हाइट हाउसचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते. त्याआधी, २००९पासून, ते द्रुपलवर होते. नासाचे संकेतस्थळही २०२३ मध्ये द्रुपलवरून वर्डप्रेसवर आले. आपल्याकडे २०१२ मध्ये सुरू झालेले भारत सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ द्रुपलच्या पायावर उभे राहिले. या जगात पुणेही मागे नाही. वर्डप्रेसच्या कामासाठी जगभर ओळखली जाणारी आरटीकॅम्प ही कंपनी इथलीच, २००९ सालची. २०१६ मध्ये द्रुपलचे आशियाई संमेलन भरले, तेही मुंबईच्या आयआयटीत.

गाळा पाहून निवड

मार्केट यार्डातल्या माणसाने यातले काय घ्यावे? उत्तर गाळ्यागणिक वेगळे.

भुसार व्यापाऱ्याला आंबेमोहोर, इंद्रायणी, कोलम यांची छायाचित्रे, पत्ता, फोन आणि अधूनमधून एखादी सूचना एवढेच हवे असेल, तर वर्डप्रेस पुरते. शिकायला सोपे आणि ते जाणणारा माणूस प्रत्येक पेठेत सापडतो. ऑनलाइन विक्री करायची झाली, तर वूकॉमर्स हे मोफत प्लगइन त्याला जोडता येते. वर्षानुवर्षे काही बदलायचेच नसेल, तर ह्यूगोसारखे साधन बरे. ते सगळी पाने आधीच तयार करून ठेवते. मागे डेटाबेस नाही, म्हणून चोराला शिरायला वाटाही कमी.

एखाद्या व्यापारी संघटनेला मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत परिपत्रके काढायची असतील, तर जुमला किंवा द्रुपल पाहावे. बहुभाषिकतेची सोय जुमलामध्ये २०११पासून आणि द्रुपलमध्ये २०१५पासून मूळ गाभ्यातच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी वेगळे प्लगइन लावावे लागते.

आणि पणन मंडळासारखा तक्ता चालवायचा असेल, म्हणजे जिन्नस, आवक, किमान, कमाल अशा रकान्यांची रोज भर पडून वर्षांचा इतिहास साठणार असेल, तर द्रुपलचे पारडे जड. हवे ते रकाने स्वतः आखून 'गेल्या महिन्यातला गुळाचा कमाल दर' अशी यादी काढणे त्याच्या स्वभावातच आहे. शिकायला मात्र ते तिघांत सर्वांत अवघड.

देवनागरीची कसोटी

मराठी संकेतस्थळाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. एकेकाळी मराठी मजकूर खास फाँटमध्ये टाइप केला जाई आणि तो फाँट वाचणाऱ्याकडे नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडमुळे ते संपले. 'ॲप'मधल्या 'ॲ'ला मात्र युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. आता मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त'सारखा सुबक फाँटही मोफत आहे.

तरी एक खाच उरतेच. पानाच्या पत्त्यात देवनागरीच्या एकेका चिन्हासाठी, काना-मात्रेसाठीसुद्धा, संगणक नऊ-नऊ अक्षरे खर्च करतो. 'बाजारभाव' या एका शब्दाची बहात्तर होतात. वर्डप्रेस शीर्षकापासून पत्ता बनवताना दोनशेवर थांबते. परिणामी 'मार्केट यार्डातील आजचे कांद्याचे भाव' या शीर्षकाचा पत्ता 'कांद्याचे'मधल्या 'क'पाशीच तुटतो. असा पत्ता स्वतःच आटोपशीर लिहून द्यावा.

खर्च कुठे येतो?

सॉफ्टवेअर फुकट असले तरी संकेतस्थळ फुकट चालत नाही. डोमेनचे वर्षाचे पैसे, सर्व्हरच्या जागेचे भाडे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देखभाल, हे आलेच. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलने सुरक्षेतल्या एका गंभीर भोकाची आणि त्यावरच्या दुरुस्तीची घोषणा केली. नंतर त्यांनीच बजावले, की घोषणेपासून सात तासांत दुरुस्ती केली नसेल, तर तुमच्या संकेतस्थळात कोणी शिरले आहे असेच समजा. द्रुपलच्या सातव्या आवृत्तीला चौदा वर्षे सांभाळून ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा आधार थांबवण्यात आला. त्यावरच्या संकेतस्थळांना हलण्यावाचून गत्यंतर नव्हते. विकतच्या टेम्प्लेटची फुकट नक्कल कुठून तरी उतरवून घेणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा आत दडवलेला चोरटा कोडही येतो.

म्हणून निवडीआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. अपडेट कोण करणार, त्या माणसाचे नाव ठरवावे. आणि एका जिनसाचे महिनाभराचे भाव भरून पाहावेत, मग ती सगळी माहिती बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत चढवून पाहावी. बीटू बंद पडले, मँबोत फूट पडली, द्रुपलची सातवी आवृत्ती निवृत्त झाली; आज घेतलेली प्रणालीही कधीतरी सोडावी लागेल. जिच्यातून आपला माल पूर्ण वजनाने परत मिळतो, तीच घ्यावी.