घराला वाळवी लागली, तर कायदा काय देतो?

बडोद्यात पहिला चांगला पाऊस झाला, की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे गोळा होतात आणि सकाळी ओट्यावर पंखांचा सडा पडलेला असतो. आपण तो झाडून टाकतो आणि विसरतो. हीच ती वाळवी. इथे वाढलेली आपली मुले तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी ‘उधई’च म्हणतात. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या सागवानी खांबांच्या घरांना तिची धास्ती जुनीच आहे. पण अलीकडे आमच्याकडे विचारायला आलेले बहुतेक सभासद टेनामेंट नाहीतर फ्लॅटमध्ये राहणारे होते, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता : हा खर्च आम्हीच सोसायचा का?

घर कोणाकडून घेतले, केव्हा घेतले आणि हातात कागद काय आहेत, यावर उत्तर ठरते. एका कुटुंबाची हकिगत सांगतो, म्हणजे मुद्दा लवकर कळेल.

मंडळाच्या एका सभासद जोडप्याने निवृत्तीचे पैसे घालून एक जुने टेनामेंट विकत घेतले. नवा रंग, नवे सनमायका, घर कसे लखलखीत. पहिल्याच पावसाळ्यात देवघराच्या दाराची चौकट बोटाने दाबली तर बोट आत गेले. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मागचे लाकूड पुठ्ठ्यासारखे झाले होते. विकणाऱ्या गृहस्थांनी हात वर केले, “आम्ही होतो तेव्हा काही नव्हते.” औषध मारायला आलेल्या माणसाने मात्र फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे बोट ठेवले. हात-हात अंतरावर लहान भोके पाडून पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली होती. बांधून झालेल्या घराला वाळवीचे औषध द्यायचे, तर साधारण १२ मिलिमीटरची भोके ३०० मिलिमीटर अंतराने पाडून त्यांत ते सोडतात. भारतीय मानक आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात ही पद्धत दिलेली आहे. म्हणजे पूर्वी कोणीतरी औषध मारून घेतले होते. मीटरच्या पेटीच्या दाराआत जुन्या पेस्ट कंट्रोलवाल्याचा स्टिकर सापडला, त्याच्याकडे बिलबुक होते, आणि बिलावर विकणाऱ्याचेच नाव होते.

इथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ उपयोगी पडतो. त्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसला नसता असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे त्याच कलमाच्या शेवटी कपट मानले आहे. ‘माहीत असलेला’ हे शब्द मोलाचे आहेत. वाळवी होती एवढे दाखवून भागत नाही, त्याला ती ठाऊक होती हे दाखवावे लागते. ते बिल नसते तर वकिलांनीही फारशी आशा दिली नसती. नोटीस गेल्यावर थोडी घासाघीस झाली आणि खर्चाचा मोठा भाग कोर्टाबाहेरच मिळाला. चौकटीवर कोरलेली आजोबांच्या हातची वेल मात्र गेली. ती गावाकडच्या घरातून आणून मुद्दाम बसवली होती.

अशा व्यवहारात ग्राहक आयोग सहसा उपयोगाचा नाही, कारण स्वतःचे राहते घर विकणारा माणूस सेवा देणारा व्यावसायिक नसतो. दावा दिवाणी न्यायालयात. मुदत साधारण तीन वर्षांची, आणि कपटाच्या बाबतीत ती कपट उघड झाल्यापासून मोजतात. दस्तावेजात ‘जसे आहे तसे’ अशा अर्थाचे कलम असेल, तर ते वकिलांना आधी दाखवा. कलम ५५ चे नियम ‘वेगळा करार नसेल तर’ या अटीवर आहेत.

नवे घर बिल्डरकडून घेतले असेल, तर बाजू बरीच भक्कम असते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत बिनखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. पायाच्या मातीला आधी औषध देण्याची रीत आयएस ६३१३ च्याच दुसऱ्या भागात आहे. ब्रोशरमध्ये किंवा करारात ते औषध कबूल केले असेल, तर त्याचे प्रमाणपत्र मागा. बिल्डर बहुधा म्हणेल, “तुमच्या फर्निचरबरोबर आली.” त्यावर उत्तर मातीच्या नळ्यांचे. वाळवी जमिनीतून भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या बांधत चढते. त्या पुसून टाकू नका. खालपासून वरपर्यंत फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. गृहिणींना हा सल्ला मानवत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण आठ दिवस भिंत घाण दिसू द्या.

ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे प्रकल्प रेरात नोंदवावे लागतात. आपला प्रकल्प गुजरेराच्या संकेतस्थळावर आहे का, ते आधी पाहा. रेरा असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

पेस्ट कंट्रोलवाल्याने ‘पाच वर्षांची गॅरंटी’ दिली आणि वर्षात वाळवी परत आली, तर मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सरळ लागू पडतो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचे, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मोजतात ती आपण दिलेली रक्कम, नुकसान नव्हे. मुदत दोन वर्षांची. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही. गॅरंटीचा कागद मात्र नीट वाचा. बहुतेक ठिकाणी पुन्हा औषध मारण्याची हमी असते, खाल्लेल्या कपाटाची नसते. फरशी बदलली तर गॅरंटी संपते असेही बारीक अक्षरांत लिहिलेले आढळते. रोख पैसे देऊन पावती न घेणाऱ्यांना आम्ही काय मदत करणार?

भाड्याच्या जुन्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या भाडेकायद्याखालच्या घरात दुरुस्ती मालकाची, वेगळा करार नसेल तर. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडे महिना दीडशे रुपये असलेल्या घरात याने काय होणार, हे सांगायला नको. फ्लॅटमध्ये वाळवी सामाईक जिन्यातून किंवा डक्टमधून येत असेल, तर सोसायटीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

विम्यावर भिस्त ठेवू नका. घराच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आग, पूर, भूकंप असे धोके मोजून दिले आहेत, वाळवी त्यांत नाही.

शेवटी कागदांविषयी. वाळवीला लाकडापेक्षा कागद कमी आवडत नाही. आपल्याच शहरात २०२१ मध्ये बँकेच्या लॉकरमधल्या नोटा तिने खाल्ल्याची बातमी आली होती. दस्तावेज खाल्ला गेला असेल तर घाबरू नका, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. वरील माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक घराचे कागद वेगळे असतात. सल्ल्यासाठी मंडळात येताना दस्तावेजाची झेरॉक्स, बिले, तारखेसह फोटो आणि पोखरलेल्या लाकडाचा एक तुकडा आणावा. तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणा, कारण मंडळाचे वाचनालय खालच्याच मजल्यावर आहे.