दोन खिडक्यांचा कॅमेरा



अंबाजोगाईच्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर काढलेलें एक छायाचित्र माझ्या टेबलाच्या खणांत आहे. त्यांत माझ्या मामी बसल्या आहेत. त्यांच्या हातभर मागें भिंतींत एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यांतली समई, वर धरलेली काजळी, गिलाव्याला गेलेली बारीक चीर, हें सारें इतकें स्पष्ट उमटलें आहे कीं, बोटानें चाचपून पाहावेंसें वाटतें. मामींचा चेहरा मात्र पुसट आहे. डोळे कोणीकडे पाहत आहेत तें कळत नाहीं, आणि सबंध चित्रावर पातळ धुक्यासारखें कांहीं पसरलें आहे. मीं कॅमेरा डोळ्याला लावून वेळ घेत होतों, तेव्हां त्या म्हणाल्या होत्या, “आरं, काढ की लौकर, अंधार पडायलाय!” त्या संध्याकाळच्या सर्वच चित्रांची ही गत झाली. पुढच्या खेपेस पुन्हां काढूं, असें मीं ठरविलें. पण पुढच्या खेपेपूर्वींच मामी गेल्या.

कॅमेरा मामांचा होता. ते शाळामास्तर, चाळीस वर्षें त्यांनीं तो वापरला आणि एकहि चित्र असें बिघडविलें नाहीं. त्यांच्यामागें तो माझ्याकडे मुंबईस आला. मीं तो त्याच्या चामडी पेटींत घातला, वर मखमलीचें फडकें गुंडाळलें आणि लोखंडी कपाटांत ठेवून दिला. तीन पावसाळे तो तेथें होता. आपण तो जपला आहे अशी माझी समजूत होती. ही समजूत कोठें चुकली, हें सांगण्यासाठींच आजचें भाषण आहे. कारण हल्लीं प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें कॅमेरा असला, तरी पुष्कळ घरांतून वडिलांचा किंवा आजोबांचा असा एखादा कॅमेरा अजून कपाटांत जपून ठेवलेला असतो.

ह्या जातीला रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेरा, असें नांव आहे. त्याची युक्ति समजण्यास एक बोट पुरे. बोट डोळ्यांपुढें धरून आळीपाळीनें एकेक डोळा मिटला, तर बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखें दिसतें. बोट जवळ असेल तर सरकणें अधिक, दूर असेल तर कमी. कॅमेऱ्याच्या कपाळावर ज्या दोन खिडक्या असतात, ते त्याचे दोन डोळे होत. एकींतून आपण सरळ पाहतों. दुसरींतून आलेलें दृश्य आंतल्या आरशावरून वळून एका अर्धपारदर्शक आरशाच्या द्वारें पहिल्या दृश्याच्या मध्यभागीं पडतें. भिंगाचें कडें फिरविलें कीं आंतली एक तरफ हलते आणि दुसरें प्रतिबिंब सरकूं लागतें. दोन्ही प्रतिबिंबें एकमेकांवर तंतोतंत बसलीं कीं भिंगहि त्याच अंतरावर जुळलें, असा हा हिशेब आहे. दोन खिडक्यांमध्यें जितकें अंतर अधिक, तितकें हें मापन बिनचूक होतें.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होता, तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाला दीनदयाळ हे निजामाचे छायाचित्रकार होते. त्या काळीं काचेच्या मोठाल्या प्लेटी, जड कॅमेरा आणि तिपाई एवढा संसार घेऊन हिंडावें लागे. हा संसार खिशांत बसेलसा केला तो जर्मनींतील वेट्झलार गांवच्या लाइट्स कारखान्यांतील ऑस्कर बार्नाक ह्यानें. सिनेमाच्या फिल्मवर चालणारा त्याचा लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला. त्यांत प्रथम अंतर अदमासानें ठरवावें लागे. भिंगाला जोडलेला अंतरमापक १९३२ सालच्या दुसऱ्या लायकांत आला, आणि त्याच वर्षीं ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीनें काँटॅक्स काढला. लायकाच्या ह्या दोन खिडक्यांमधील अंतर चाळीस मिलिमीटरांच्या आंत होतें. १९५४ च्या एम-३ मध्यें तें ६८.५ मिलिमीटर झालें. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींना भेटला होता. त्याच दिवशीं त्यांची हत्या झाली, आणि पुढें अंत्ययात्रेचीं जीं चित्रें त्यानें घेतलीं, तीं अशाच लहान कॅमेऱ्यानें घेतलीं.

आतां ह्या यंत्राचा जो स्वभाव मला उशिरां कळला, तो सांगतों. ह्या कॅमेऱ्यांत आपण चित्र काढणाऱ्या भिंगांतून पाहतच नाहीं. पाहतों तें शेजारच्या खिडकींतून. त्यामुळें भिंगाची अवस्था कांहींहि असो, खिडकींतलें जग नेहमीं लख्ख दिसतें. भिंगावर टोपण तसेंच राहिलें, बोट आडवें आलें, किंवा आंत सरकणारें जुनें भिंग बाहेर ओढून फिरवून पक्कें करण्याचें राहिलें, तरी खिडकी कसलीच तक्रार करीत नाहीं. भिंगांतूनच पाहण्याची सोय ज्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत असते, त्यांत असा दोष डोळ्याला बहुधा कळून येतो. अंतरमापक कॅमेऱ्याचे दोष फिल्म धुऊन आल्यावरच कळतात. म्हणून त्याची तपासणी मालकानें निराळी, आणि आधींच, करावयाची असते.

माझ्या चित्रांत दोन दोष एकत्र आले होते. पहिला बुरशीचा. एका वृद्ध कारागिरानें कॅमेऱ्याचें पाठीमागचें झांकण काढलें, शटर उघडें धरलें, विजेरी तिरपी धरली आणि म्हटलें, “आंत बघा.” कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतु भिंगाच्या कडेपासून मध्यापर्यंत पसरले होते. समोरून उजेड आला कीं हे तंतु तो विखरतात, आणि चित्रावर धुकें चढतें.

बीडला जें चाळीस वर्षांत झालें नाहीं, तें मुंबईस तीन पावसाळ्यांत झालें. बीड जिल्हा पर्जन्यछायेचा; मुंबईस वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हवेंतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली कीं बुरशीला तें मानवतें. चामडें आणि मखमल ओल धरून ठेवतात, आणि बंद कपाटांत अंधारहि असतो. म्हणजे मीं कॅमेरा जपला नव्हता, बुरशी जोपासली होती.

उपाय साधा आहे. कॅमेरा चामडी पेटींतून काढून घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आंत लहानसा आर्द्रतामापक असल्यास उत्तम. कांटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्यें असावा. रंग बदलणाऱ्या जातीच्या जेलचा रंग पालटला कीं तें ओलें झालें. मंद आंचेवर तापवून कोरडें केल्यास पुन्हां उपयोगी पडतें. बुरशी नुकतीच लागली असेल तर कारागीर भिंग उघडून ती साफ करूं शकतो. तिनें कांचेवरील लेप खाल्ला असेल, तर तो डाग कायमचा समजावा. घरीं स्क्रू पिळून भिंग उघडण्याच्या भरीस मात्र पडूं नये.

बीडकडील शत्रू निराळे, धूळ आणि ऊन. उन्हाळ्यांत मुरमाच्या रस्त्यावरून एक मोटार गेली कीं जी धूळ उडते, तींत कठीण बारीक कण असतात. ती धूळ धोतराच्या सोग्यानें किंवा सदऱ्याच्या टोकानें पुसणें म्हणजे भिंग कानशीनें घांसणेंच होय. आधीं रबरी फुग्यानें हवा मारावी, मग मऊ कुंचला फिरवावा, आणि एवढ्यानें न भागल्यासच भिंगाच्या कागदावर द्रावणाचा एक थेंब घेऊन हलक्या हातानें पुसावें. थेंब भिंगावर थेट टाकूं नये. तो कडेनें आंत शिरतो. तोंडानें फुंकर मारूं नये. थुंकीचे कण उडतात.

ऊन अधिक फसवें आहे. लहानपणीं आपण भिंगानें कागद जाळलेला असतो. ह्या कॅमेऱ्यांत भिंगामागें आरसा नाहीं, आणि पुष्कळ जुन्या नमुन्यांत शटर रबर लावलेल्या कापडाचें असतें. टोपणावांचून गळ्यांत लटकणारा कॅमेरा सूर्याकडे वळला, तर त्या कापडाला टांचणीच्या टोंकाएवढें भोंक पडावयास फार वेळ लागत नाहीं. मग प्रत्येक चित्रांत त्याच जागीं पांढरा ठिपका येतो. म्हणून उन्हांत हिंडतांना टोपण लावावें, आणि चित्र घेतांना तें काढल्याची आठवण ठेवावी. दोन्ही सांभाळणें ज्याला जमत नाहीं, त्यानें निदान भिंगाचें तोंड जमिनीकडे ठेवावें आणि छिद्र लहान करावें. मे महिन्यांत बंद मोटारींत कॅमेरा कधींहि ठेवूं नये. आंतलें वंगण पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरतें.

माझा दुसरा दोष अंतराचा. प्रवासांत कोठें तरी धक्का बसून ती आंतली तरफ जरा हलली होती. खिडकींत मामींच्या डोळ्यांचीं दोन्ही प्रतिबिंबें जुळलीं, परंतु भिंग जुळलें तें मागच्या कोनाड्यावर. उजेड कमी म्हणून छिद्र मीं पूर्ण उघडलें होतें. पन्नास मिलिमीटरचें भिंग एफ/२ वर असतां दीड मीटरावर स्पष्टतेची खोली अवघी दहा सेंटिमीटरांच्या सुमाराची असते. तेवढ्यांत चेहरा कसाबसा मावतो. चुकीला जागा उरत नाहीं. हेंच भिंग एफ/८ वर ठेवून दहा मीटरांवर लावलें, तर सुमारें पांच मीटरांपासून क्षितिजापर्यंत सारें स्पष्ट येतें. त्यामुळें दिवसाउजेडीं हा दोष झांकून राहतो आणि नेमका माणसाच्या जवळ गेल्यावर उघडा पडतो.

परीक्षा घरीं करतां येते. भिंग अनंतावर लावून बालाघाटाच्या डोंगराची दूरची कड किंवा रात्रीं चंद्र पाहावा. प्रतिबिंब एकच दिसलें पाहिजे. मग टेपानें फिल्मच्या पातळीपासून बरोबर एक मीटर मोजून तेथील वस्तूवर प्रतिबिंबें जुळवावीं आणि कड्यावरचा आंकडा पाहावा. शेवटीं वर्तमानपत्र तिरपें ठेवून मधल्या एका ओळीवर नेम धरून, छिद्र पूर्ण उघडून, दोन तीन चित्रें घ्यावीं. धुतल्यावर तीच ओळ सर्वांत ठळक आली, तर कॅमेरा विश्वासाचा. फिल्म महाग आहे हें खरें. उटकमंडच्या सरकारी कारखान्यांत पूर्वीं “इंदू” नांवाची फिल्म होत असे, तो कारखाना आतां बंद आहे. तरीहि दोन तीन चित्रांचा हा खर्च चुकवूं नये.

मधला ठिपका फिका दिसत असेल, तर बाहेरच्या खिडक्या हलकेच पुसाव्या. आंतला अर्धपारदर्शक आरसा स्वतः पुसूं गेल्यास त्याचा मुलामाच निघून येतो. शटर चढविलेल्या स्थितींत कॅमेरा महिनोन् महिने ठेवूं नये. कांहीं नमुन्यांत शटर चढविण्यापूर्वीं वेग बदलल्यास आंतली यंत्रणा मोडते, म्हणून आधीं चढवावें, मग वेग लावावा, ही संवय बरी. आणि महिन्यांतून एकदां फिल्मवांचून सगळे वेग चालवून सर्व कडीं फिरवावीं.

ह्या कॅमेऱ्याच्या मर्यादाहि ओळखाव्या. पाटोदा तालुक्यांतील नायगांवच्या अभयारण्यांतले मोर टिपण्यास तो निरुपयोगी; १३५ मिलिमीटरपेक्षां लांब भिंगाशीं त्याचें सहसा जमत नाहीं. उलट अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांतल्या अर्ध्या उजेडांत त्याच्यासारखा सोबती नाहीं. आरसा उडण्याचा धक्का नसल्यानें श्वास रोखून सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत तो हातांत स्थिर धरतां येतो. त्याचा आवाजहि अगदीं हळू, त्यामुळें ओसरीवर बोलत बसलेलें माणूस बोलतच राहतें.

तंतु काढून आणि तरफ जुळवून मामांचा कॅमेरा आतां पुन्हां चालूं झाला आहे. मृगाच्या आधीं मी तो कोरड्या डब्यांत बंद करतों आणि पावसांतहि दर महिन्यास बाहेर काढून चालवितों. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारें पुसून मांडण्याची चाल आहे. त्या दिवशीं मी विजेरीनें भिंग पाहतों, चंद्रावर नेम धरतों, वर्तमानपत्राचीं चित्रें काढतों. तीं धुऊन येईपर्यंत कोणाहि वडीलधाऱ्या माणसाचें चित्र काढण्यास मी जात नाहीं. आणि तीं बरोबर आलीं, कीं मग दिवाळीचीहि वाट पाहत नाहीं.