जमिनीवरील विमान आणि त्याचे दिवे

रात्री दिवा लावण्याची प्रयोजने दोन: आपणांस दिसावे हे एक, आणि आपण इतरांस दिसावे हे दुसरे. बैलगाडीखाली टांगलेल्या कंदिलाचा वाट दाखविण्यास फारसा उपयोग नसे. ‘येथे गाडी आहे’ एवढेच तो इतरांस सांगत असे. विमानाच्या अंगावरील दिवे ही दोन्ही कामे करतात. परंतु ते अत्यंत प्रखर असल्यामुळे पाहणाऱ्याचे डोळेही दिपवू शकतात. म्हणूनच विमान जमिनीवर असताना कोणता दिवा केव्हा लावावा आणि केव्हा मालवावा, हा प्रश्न वैमानिकाच्या दृष्टीने जसा सौजन्याचा, तसाच सुरक्षिततेचाही आहे.

यांतील सर्वांत साधे दिवे म्हणजे स्थितिदर्शक दिवे. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि मागील बाजूस पांढरा, अशी त्यांची योजना असते. ही पद्धत विमानांनी जहाजांकडून घेतली. तांबडा व हिरवा दिवा प्रत्येकी ११० अंशांच्या आणि मागचा पांढरा दिवा १४० अंशांच्या टापूत दिसतो. तिन्ही मिळून ३६० अंशांचे वर्तुळ पुरे होते. अंधारात केवळ तांबडा दिवा दिसला, तर विमानाची डावी बाजू आपल्याकडे आहे असे समजावे. तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर विमानाचे तोंड आपल्याकडेच आहे.

दुसरा महत्त्वाचा दिवा म्हणजे विमानाच्या पाठीवर किंवा पोटाखाली लुकलुकणारा तांबडा इशारादीप. इंजिन सुरू करण्यापूर्वी तो लावतात आणि इंजिन पूर्णपणे थांबेपर्यंत चालू ठेवतात. वेगाने फिरणारे प्रोपेलर डोळ्यांना जवळजवळ दिसेनासे होते आणि जेट इंजिन समोरील हवा जोराने आत ओढून घेते. चाकांखाली अडणी लावणाऱ्या किंवा सामान उतरविणाऱ्या कामगाराला विमानतळाच्या गोंगाटात कानांवर विसंबता येत नाही. त्याच्यापुरता या तांबड्या दिव्याचा अर्थ एकच: ‘दूर राहा’. हा दिवा लावण्यास विसरणे म्हणजे सोबत्याचा जीव धोक्यात घालणे होय.

पंखांच्या टोकांवर लखलखणाऱ्या पांढऱ्या दिव्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा झोत कित्येक मैलांवरून दिसावा असा असतो. तो काही हातांच्या अंतरावरून डोळ्यांवर पडला तर काय होते, हे समजण्यासाठी डोळ्याची रचना पाहिली पाहिजे. दृष्टिपटलावर शंक्वाकार आणि दंडाकार अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. मंद प्रकाशात पाहण्याचे काम दंडाकार पेशी करतात. त्यांतील ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य प्रकाशाने विघटित होते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. डोळा अंधाराला पुरता सरावण्यास सुमारे ३० मिनिटे लागतात. मात्र पांढऱ्या प्रखर प्रकाशाचा एक झोत ही सारी कमाई क्षणात घालवितो. दंडाकार पेशी गडद तांबड्या प्रकाशाला फारशा संवेदनशील नसतात, त्यामुळे तांबड्या इशारादीपाचा उपसर्ग कमी होतो.

यावरूनच सौजन्याचे नियम सिद्ध झाले आहेत. इतरांच्या डोळ्यांस त्रास होईल अशा ठिकाणी वैमानिक पांढरे लखलखते दिवे लावीत नाही. विमान जमिनीवर चालत असता पुढची वाट दाखविणारा दिवा तो लावतो. परंतु थांबल्यावर किंवा दुसऱ्या विमानाला वाट देताना तो मालवितो. त्यामुळे समोरच्याचे डोळे वाचतात आणि ‘मी थांबलो आहे, आपण पुढे व्हावे’ असा निरोपही पोहोचतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांतही, लखलखत्या दिव्यांमुळे बाहेरील व्यक्तीचे डोळे अपायकारकपणे दिपत असतील, तर ते मालविण्याची वा मंद करण्याची मुभा वैमानिकाला दिलेली आहे. भारतही या संघटनेचा सदस्य आहे.

येथवर कमी प्रकाश हेच सौजन्य ठरले. धावपट्टीवर पाऊल पडताच मात्र हे गणित उलटते. १ फेब्रुवारी १९९१ रोजी, सूर्यास्तानंतर, अमेरिकेतील लॉस एंजेलिस विमानतळावर एक लहान मेट्रोलायनर विमान उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहत धावपट्टीवर उभे होते. त्याच धावपट्टीवर एका बोइंग ७३७ विमानास उतरण्याची परवानगी मिळाली आणि ते लहान विमानावर मागून आदळले. लहान विमानातील सर्व १२ जणांसह एकूण ३५ जण मृत्युमुखी पडले. मुख्य दोष नियंत्रणव्यवस्थेचा होता. तथापि उतरणाऱ्या वैमानिकांना पुढचे विमान का दिसले नाही, याचाही विचार चौकशीत झाला. मेट्रोलायनरचे मागचे दिवे धावपट्टीच्या शेकडो दिव्यांत मिसळून गेले होते. दिवा होता, पण त्याचा वेगळेपणा हरवला होता.

अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार आता उड्डाणासाठी धावपट्टीवर शिरताना उतरण्याचे दिवे वगळून बाहेरील सर्व दिवे लावावेत; उतरण्याचे दिवे उड्डाणाची परवानगी मिळताच लावावेत. त्यामुळे हे दिवे पेटले की, ‘हे विमान आता निघाले’ असे इतर वैमानिकांना व कामगारांना दुरूनही उमगते. दिवसाढवळ्यासुद्धा ही खूण उपयोगी पडते.

मात्र दिवा ही परवानगी नव्हे. नियंत्रण मनोऱ्याचा आदेश, रेडिओवरील स्पष्ट बोलणे आणि चहूकडे ठेवलेली नजर यांना तो पर्याय होऊ शकत नाही. या साऱ्या व्यवस्थेत कोणाची तरी चूक झाली, तर अखेरच्या क्षणी दुसऱ्याला सावध करणारा तो सोबती आहे. म्हणून प्रत्येक कळ दाबताना वैमानिकाने एकच प्रश्न स्वतःला विचारावयाचा असतो: हा प्रकाश या क्षणी कोणाच्या डोळ्यांवर पडणार आहे, आणि त्यातून त्याला काय कळणार आहे?