विश्लेषण : एकाला शंभर तास पुरत नाहीत, दुसरा दहा तासांत कंटाळतो! 'स्टारफील्ड'वरून खेळाडूंत दोन तट का?

एक हजाराहून अधिक ग्रह, त्यातल्या बहुतेक ग्रहांवर उतरण्याची मुभा आणि हवे तसे यान जुळवण्याची सोय. एवढे सगळे असलेला 'स्टारफील्ड' हा रोल-प्लेइंग गेम ६ सप्टेंबर २०२३ रोजी बाजारात आला आणि खेळाडूंमध्ये उभी फूट पडली. ही फूट केवळ हौसेपुरती नाही. भारतात हा गेम आला तेव्हा त्याची किंमत सुमारे पाच हजार रुपये होती. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी करून, पगारातून बाजूला काढलेल्या पैशांतून गेम घेणाऱ्या तरुणाला ही रक्कम लहान नाही. एकाच गेमला कुणी 'अप्रतिम' म्हणते आणि कुणी 'पैसे वाया' म्हणते, तेव्हा ऐकायचे कुणाचे?

वाद नेमका काय आहे?

'स्टारफील्ड' तयार केला अमेरिकेच्या बेथेस्डा गेम स्टुडिओज या कंपनीने. 'स्कायरिम' आणि 'फॉलआउट ४' हे गाजलेले गेम याच कंपनीचे. त्यामुळे अपेक्षा आभाळाएवढ्या होत्या. पहिल्या दोन आठवड्यांतच एक कोटी खेळाडूंनी तो खेळल्याचे कंपनीने जाहीर केले. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरपैकी ऐंशीच्या पुढे गेली. मात्र 'स्टीम' या गेमविक्री मंचावर सामान्य खेळाडूंचे अभिप्राय हळूहळू घसरत 'संमिश्र' या गटात जाऊन बसले.

यातली गंमत जानेवारी २०२४ मध्ये समोर आली. 'स्टीम'वर खेळाडूंच्याच मतदानातून दिल्या जाणाऱ्या वार्षिक पुरस्कारांत 'सर्वांत नावीन्यपूर्ण खेळपद्धती'चा मान 'स्टारफील्ड'ला मिळाला. त्याच सुमारास त्याच मंचावर 'यात नवीन काहीच नाही' असे अभिप्राय ढिगाने पडत होते. म्हणजे वाद समीक्षक विरुद्ध सामान्य खेळाडू एवढाच नाही. खेळाडूंमध्येच दोन तट आहेत.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय?

सोप्या भाषेत, भूमिका घेऊन खेळायचा खेळ. सांगलीकरांना भूमिका घेण्याचे कौतुक नवे नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगवले ते सांगलीतच. नाटकात मात्र भूमिका नट करतो आणि बाकीचे पाहतात. रोल-प्लेइंग गेममध्ये प्रेक्षक स्वतःच नट होतो. आपण कोण, स्वभाव कसा, कुणाची बाजू घ्यायची हे तोच ठरवतो.

या प्रकाराची पायाभरणी संगणकाआधीची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ १९७४ मध्ये आला. पात्राची ताकद आकड्यांत मोजणे, अनुभव मिळवून वरच्या पातळीवर जाणे, संवादातून कथा पुढे नेणे या गोष्टी पुढे संगणकावर आल्या. त्यामुळे एकाच गेमच्या पोटात तीन-चार वेगवेगळे खेळ नांदतात. लढाई, कथा, भटकंती आणि पात्र घडवणे. मतभेदाचे पहिले बीज इथेच आहे. प्रत्येक खेळाडू यातला एखादाच खेळ मनापासून खेळत असतो.

'स्टारफील्ड'मधलेच एक उदाहरण पाहा. खेळाडूचे पात्र सुरुवातीला खाणीत काम करणारे असते. पात्र घडवताना 'आईवडील हयात आहेत' असा एक पर्याय निवडता येतो. तो घेतला तर त्यांच्या घरी जाता येते, पण कमाईतला काही वाटा नियमितपणे त्यांच्याकडे जातो. भूमिकेत रमणाऱ्याला हा तपशील सुखावतो. कमी पडलेला पैसा शस्त्रांवर खर्च करू पाहणाऱ्याला तो निव्वळ तोटा वाटतो.

रिकामे ग्रह हा दोष की वैशिष्ट्य?

सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर झाला. एक हजार ग्रहांचा कोपरा न् कोपरा हाताने घडवणे अशक्य. त्यामुळे बराचसा भूभाग ठरावीक सूत्रांनुसार संगणक आपोआप तयार करतो आणि हाताने घडवलेल्या इमारती त्यावर पेरल्या जातात. परिणामी, दूरच्या ग्रहावरही आधी पाहिलेलाच तळ, त्याच खोल्या पुन्हा समोर येतात. शिवाय एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाताना बहुतेकदा नकाशावर बोट ठेवायचे आणि लोडिंगचा पडदा संपण्याची वाट पाहायची. सुरुवातीला ग्रहावर फिरायला वाहनही नव्हते. पायीच जावे लागे. वाहन आले ऑगस्ट २०२४ मध्ये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधींनी 'स्टीम'वरच्या काही नाराज अभिप्रायांना उत्तरे दिली. काही ग्रह जाणीवपूर्वक ओसाड ठेवले आहेत, चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना तिथे काही नव्हते म्हणून कंटाळा आला नव्हता, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अनेकांना पटला नाही. चंद्रावर गेलेला माणूस खरोखर गेला होता आणि जीव धोक्यात घालून गेला होता. खुर्चीत बसलेल्या खेळाडूला ओसाडपणात थरार वाटेलच असे नाही. पण ज्यांना ओसाड क्षितिजावर सूर्योदय पाहत उभे राहायला आवडते, त्यांच्यासाठी तोच रितेपणा गेमचा आत्मा ठरला.

खेळाडूंचे प्रकार असतात का?

ब्रिटनचे रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. अनेकांनी मिळून खेळायच्या सुरुवातीच्या संगणकीय खेळांपैकी एक त्यांनी रॉय ट्रबशॉ यांच्यासोबत घडवला होता. खेळाडूंचे निरीक्षण करून त्यांनी चार प्रकार मांडले. पातळ्या आणि बक्षिसे गाठणारे, जग धुंडाळणारे, इतरांशी नाती जोडणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. ही वर्गवारी अनेकांनी मिळून खेळायच्या गेमसाठी होती. 'स्टारफील्ड' एकट्याने खेळायचा आहे. तरीही तिचा मूळ मुद्दा इथे लागू पडतो. एकाच खेळात माणसे वेगवेगळ्या गोष्टी शोधायला येतात.

रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खेळण्याचा आनंद मनाच्या तीन गरजांशी जोडला. आपण स्वतः निवड करतो आहोत ही भावना, आपल्याला जमते आहे ही भावना आणि इतरांशी जोडलेपणाची भावना. 'स्टारफील्ड' पहिली गरज भरभरून भागवतो. कुठेही जा, काहीही बना. मात्र तेच तळ, त्याच लढाया पुन्हा आल्या की नवे काही जमल्याचा आनंद विरतो. ज्याला मोकळीक महत्त्वाची तो खूश आणि ज्याला आव्हान हवे तो नाराज.

समजा, कुपवाडमधल्या एका घरात एकच संगणक आणि दोन भाऊ आहेत. थोरला रात्री जेवण झाल्यावर तासभर बसतो. यानाचे भाग जुळवतो, आतली मांडणी बदलतो, एखाद्या ग्रहावर खनिजे शोधतो. दिवसभर यंत्रावर उभे राहिल्यावर त्याला हीच शांतता हवी असते. धाकट्याला मोबाइलवर 'बीजीएमआय' खेळायची सवय. त्यात साधारण अर्ध्या तासात डावाचा निकाल लागतो. तो थोरल्याच्या खांद्यावरून पाहतो आणि विचारतो, ''दादा, ह्यात करायचं काय नक्की?'' दोघांचेही बरोबर आहे. थोरला विसावा शोधतो आहे, धाकटा चुरस.

आधीच्या गेमची सावली किती?

आनंद हा अपेक्षेशी तोलून मोजला जातो. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये दूरचा डोंगर दिसला की चालत निघायचे आणि वाटेत गुहा, गाव, भांडण असे काही ना काही भेटायचे. तीच चव शोधत आलेल्यांना 'स्टारफील्ड'मधला तुकड्या-तुकड्यांचा प्रवास खटकला. 'स्कायरिम' कधीच न खेळलेल्यांना हा विरस झालाच नाही.

दुसरी सावली अगदी जवळची होती. 'बॉल्डर्स गेट ३' हा बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे एक महिना आधीच आला होता. त्यात खेळाडूच्या निर्णयांचे परिणाम कथेत दूरवर उमटतात. पुढे डिसेंबरमध्ये 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. तो खेळून आलेल्यांना 'स्टारफील्ड'मधले संवाद फिके वाटले तर नवल नाही.

किंमत आणि संगणकाचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. 'स्टारफील्ड' पहिल्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टच्या 'गेम पास' योजनेत होता. महिन्याला काहीशे रुपये भरणाऱ्याने तो उघडून पाहिला आणि नाही आवडला तर सोडून दिला. पूर्ण किंमत मोजणाऱ्याचा संताप साहजिकच मोठा.

संगणकाचेही तसेच. या गेमला सुमारे १२५ जीबी जागा आणि वेगवान एसएसडी लागते. जुन्या संगणकावर तो अडखळत चालतो. खेळाडू मग गेमला दोष देतो, प्रत्यक्षात अर्धा दोष यंत्राचा असतो. याचे ठळक उदाहरण 'सायबरपंक २०७७'. डिसेंबर २०२० मध्ये आलेला हा गेम ताकदवान संगणकावर बऱ्यापैकी चालत होता. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रांवर मात्र तो इतका कोलमडला की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढला. जून २०२१ मध्ये तो परत आला आणि २०२३ मधील मोठ्या सुधारणांनंतर त्याच्याबद्दलचे मत पालटले. त्यामुळे अभिप्राय कोणत्या यंत्रावरचा आणि कधीचा, हे पाहणे गरजेचे.

दोन तासांचा नियम पुरेसा का नाही?

'स्टीम'वर गेम घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. लहान गेमसाठी ही सोय चांगली. मात्र मोठे रोल-प्लेइंग गेम पहिल्या दोन तासांत जेमतेम तोंडओळख करून देतात. 'स्टारफील्ड'मध्ये यानाची बांधणी, ग्रहावरचे तळ आणि गटांच्या मोहिमा यांची खरी ओळख त्यानंतर होते. गेम आपल्यासाठी आहे की नाही हे कळेपर्यंत परताव्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच खरेदीआधीचा अंदाज महत्त्वाचा ठरतो.

मग ऐकायचे कुणाचे?

तारे किती मिळाले यापेक्षा तारे देणारा कोण, हे पाहावे. 'स्टीम'वर प्रत्येक अभिप्रायाशेजारी त्या व्यक्तीने किती तास खेळले हे दिसते. तीन तासांनंतर 'कंटाळवाणा' म्हणणारा आणि दीडशे तासांनंतर तेच म्हणणारा, यांचा अर्थ एक नसतो. दुसऱ्याने गेममधून भरपूर काही मिळवले आहे, मगच तो थकला आहे.

वेळेचा हिशेबही ज्याचा त्याचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा काही तासांत संपणारा साहसी गेम. त्यातली भारतीय चित्रशैली वाखाणली गेली, तर लवकर संपतो म्हणून काहींनी नाके मुरडली. आठवड्याच्या सुट्टीलाच खेळायला मिळणाऱ्याला मात्र छोटा, पूर्ण होणारा गेम जास्त परवडतो.

खरेदीआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला लढाई, कथा, भटकंती आणि पात्र घडवणे यांपैकी नेमके काय आवडते? आठवड्याला किती तास देता येतील? माझ्या संगणकावर तो नीट चालेल का? याची उत्तरे हाती आल्यावर आपल्यासारखे उत्तर देणारा खेळाडू शोधावा आणि त्याचे मत प्रमाण मानावे. आधी मित्राकडे किंवा महिन्याच्या योजनेतून खेळून पाहता आले तर उत्तमच. पाच हजार रुपये त्यानंतरही खर्च करता येतात.