टाके सुकले, पण…

"ऑपरेशन झालं ना? मग सुटलीस बाई!" समाचाराला आलेल्या काकू म्हणाल्या आणि चहाची वाट बघत बसल्या. मीही सवयीनं उठले.

माझ्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची. ऑपरेशननंतर ती कळ थांबली. घरी येताना डॉक्टरांनी बजावलं, "सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही." मी मान डोलावली. घरी आल्यावर कळलं, बाईच्या कामात या तिन्हींशिवाय दुसरं असतंच काय? केर, फरशी, धुण्याची बादली, खालच्या फळीवरचा कुकर!

आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटत होतं. सगळे झोपलेले. म्हटलं, कशाला कुणाला उठवायचं? भरलेली कळशी उचलली आणि कमरेत चमक आली ती भिंतीला धरूनच उभी राहिले. डॉक्टरांनी तपासलं. नशिबानं स्नायूच आखडला होता. ते म्हणाले, "गादीचा उरलेला भाग पुन्हा सरकू शकतो. कळ थांबली म्हणजे आतली जखम भरली असं नाही."

त्या रात्री मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं, "मला मदत लागेल." मैत्रिणींनो, हे वाक्य मला ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं! टाके पदराआड होते, चेहरा हसरा होता. न सांगता कुणाला कळणार? मुलगा पाणी भरू लागला, 'हे' कुकर लावायला शिकले. रोजची भांडी ओट्यावर आली.

बाकीचं हळूहळू जमलं. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यानं उठायचं. उकिडवं बसायचं नाही म्हणून संडासात कमोडची खुर्ची ठेवली. गोळ्यांनी पोट साफ होईना. कुंथलं की कमरेवर ताण येतो, म्हणून डॉक्टरांना विचारून इसबगोल घेतलं, पाणी वाढवलं. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसले नाही. दिवसभर लोळत न राहता थोडं थोडं चालत राहिले. पायाची बधिरता मात्र लगेच गेली नाही. नस सावरायला काही महिनेही लागतात. शेजारणीचा पट्टा आणि तेलवाल्याचं मालीश, दोन्हींना हात जोडले. व्यायाम डॉक्टरांनी सांगितले तेव्हाच, तेवढेच.

काही खुणा मात्र अंगावर काढू नका. ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणं, पाऊल लुळं पडणं, पुन्हा तीव्र कळ, यांपैकी काहीही झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

त्या दिवशी काकूंना मी म्हटलं असतं, "काकू, चहा तुम्हीच टाका, माझ्यासाठीही अर्धा कप," तर त्यांनी आनंदानं टाकला असता. आता मी तसं म्हणते.